सर, वुडगेट!

ऑफ तासाला भूगोलाचे सर आले की आम्ही ओरडायचो, "सर, वुडगेट!" शाळेच्या आठवणी लिहायच्या म्हटल्यावर स्नेहसंमेलनं आणि सहली यांवर बाकीचे लिहितीलच, मी वुडगेटवर लिहितो.

वॉल्टर ब्रॅडफर्ड वुडगेट, इंग्लंडचा नावाडी-खेळाडू, जन्म १८४१. रॅडलीच्या शाळेतून ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात गेला. १८६२ आणि १८६३ साली केंब्रिजविरुद्धच्या वल्हवण्याच्या शर्यतीत ऑक्सफर्डच्या नावेत होता, दोन्ही वेळा ऑक्सफर्ड जिंकलं. टेम्स नदीवर पटनी आणि मॉर्टलेक यांच्यामधले सव्वाचार मैल, तेही पक्क्या फळीवर बसून. सरकती बैठक या शर्यतीत १८७३ साली आली. पाय न हलवता नुसत्या पाठीने कसं ओढायचं ते सर टेबलावर बसून दाखवत. आम्ही बाकांवर ओढायचो. बाकं करकरायची आणि शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहायच्या.

फर्माईश मात्र १८६८ च्या हेन्लेची, म्हणजे टेम्सवरच्याच हेन्ले गावच्या नौकाशर्यतींची, असायची. चौघांच्या नावेत सुकाणू धरायला पाचवा, म्हणजे कॉक्स, लागेच. तो वल्हवत नाही, त्याचं नुसतं वजन. आदल्या वर्षी पॅरिसला कॅनडाच्या चौघांनी कॉक्सशिवाय शर्यत मारली होती. वुडगेटने नियमाप्रमाणे कॉक्स घेतला खरा, पण शर्यत सुटताच त्या फ्रेडरिक वेदर्लीने ठरल्याप्रमाणे पाण्यात उडी टाकली आणि पाणकमळांच्या वेलींत गुरफटून जेमतेम वाचला. (पुढे तो बॅरिस्टर झाला, गीतकार म्हणून गाजला.) हलकी झालेली नाव पहिली आली आणि बाद ठरली. पाच वर्षांनी, १८७३ पासून, तीच शर्यत कॉक्सशिवाय होऊ लागली.

कॉक्स नसेल तर सुकाणू कोण धरणार, हे आम्ही कधी विचारलंच नाही. पुण्याला इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर गेलो तेव्हा कळलं, की चौघांपैकी एक जण वल्हवता वल्हवता पायाने ते फिरवतो.

आमची शाळा खाडीकाठची. वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप होडीवर. त्यांतल्या एकाने एकदा विचारलं, "सर, माझा बाबा तिथे उतरला असता तर?"

सर थोडं थांबून म्हणाले, "उतरूच दिला नसता." मग सांगितलं, की १८७९ साली हेन्लेने नियमच केला: होडीवर मजुरीने काम केलेला माणूस हौशी खेळाडू नव्हे. कारागीर, मजूर, सगळे बाहेर. 'सभ्य गृहस्थां'पुरता खेळ.

तो पोरगा शांतपणे म्हणाला, "घाबरले असतील."