ल्युसीची तालीम

६ ऑगस्ट

आज अमेरिकन टीव्हीवरची विनोदी अभिनेत्री ल्युसिल बॉल हिचा जन्मदिवस. १९११ साली न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन गावी जन्मलेली. तिच्यावरच्या प्रत्येक लेखात 'उपजत' हा शब्द ठरलेला. उपजत विनोद, उपजत टायमिंग. मला हा शब्द मनापासून खटकतो. न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेने या मुलीत काही नाही म्हणून तिला घरी धाडलं होतं. १९३३ साली ती हॉलिवूडला आली तीही नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यातली एक म्हणून. पुढची सतरा-अठरा वर्षं आरकेओ, एमजीएम अशा स्टुडिओंमधून सिनेमामागून सिनेमा केले, आणि नाव पडलं 'बी ग्रेडची राणी'. तिची टीव्ही मालिका 'आय लव्ह ल्युसी' सुरू झाली तेव्हा तिला चाळिसावं लागून गेलं होतं. मग उपजत होतं ते इतकी वर्षं कुठे होतं?

खरी कलाटणी मिळाली रेडिओवर. १९४८ ते १९५१ ती सीबीएस या चॅनेलच्या रेडिओवर 'माय फेव्हरिट हजबंड' ही मालिका करत होती. समोर प्रेक्षक बसलेले असूनही सुरुवातीला ती कागदात डोकं घालून वाचायची. निर्माता-लेखक जेस ओपनहाइमरने तिला जॅक बेनी या विनोदी कलाकाराच्या रेडिओ कार्यक्रमाची तिकिटं दिली आणि नुसतं बघून ये म्हणाला. बेनी माइकसमोर उभा राहून चेहऱ्याने, थांबण्याने प्रेक्षकांकडून हशा काढून घ्यायचा. हे पाहून आल्यावर ती माइकसमोर अंग मोकळं करून वावरायला लागली.

तिच्या चेहऱ्याचे काही ठरलेले आविष्कार होते. ओपनहाइमरने त्यांना नावंच देऊन टाकली. किळस आल्यावर वरचा ओठ वर ओढून काढलेला 'ईऽऽ' म्हणजे 'स्पायडर'. रडू फुटण्याआधी चेहरा गोळा होतो ते 'पडलिंग अप'. डोक्यात कल्पना चमकली की 'लाइट बल्ब'. कुणी अपमान केल्यावर तोंडाचा आ वासला की 'क्रेडेन्शियल्स'. संहितेत एवढा एक शब्द लिहिला की तिला पुरे. आपल्याकडे नाचाच्या बोलांवरून पाय कसा टाकायचा ते कळतं, तशातलाच हा प्रकार.

७ ऑगस्ट

आज सगळा वेळ यंत्रांवर गेला. तिच्या विनोदाची चर्चा कॅमेऱ्याशिवाय करणं अपुरं आहे.

१९५१ मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक मालिका न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित व्हायच्या. लांबच्या शहरांना मिळायचं किनेस्कोप, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर दिसणारं चित्र सिनेमाच्या कॅमेऱ्याने टिपून केलेली फिल्म. ती धूसर, विटकी दिसे. प्रायोजक फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी. तिचं गिऱ्हाईक मोठ्या संख्येने पूर्वेकडे, तेव्हा पूर्वेला धूसर चित्र दाखवायला ती तयार नव्हती. ल्युसिल आणि तिचा नवरा डेसी आर्नाझ यांना लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं. तोडगा निघाला तो ३५ मिलीमीटर फिल्मचा. हे काम महाग. वाढीव खर्चापोटी दोघांनी आठवड्याला १,००० डॉलर कमी घेणं कबूल केलं आणि बदल्यात फिल्मची मालकी मागितली. एकदा दाखवून झालेल्या भागाला पुन्हा कोण विचारणार, अशा समजुतीत सीबीएस चॅनेलने ती देऊन टाकली.

पण सिनेमासारखं तुकड्यातुकड्याने चित्रीकरण केलं तर प्रेक्षक बसवता येत नाहीत, आणि प्रेक्षक नसले की ल्युसिल फिकी पडते. म्हणून तीन कॅमेरे एकाच वेळी. मधला पूर्ण दृश्य घेणार, दोन्ही बाजूंचे चेहरे टिपणार. सुमारे ३०० प्रेक्षकांसमोर नाटकासारखा अख्खा भाग क्रमाने करायचा, कपडे बदलण्यापुरतंच थांबायचं.

याची प्रकाशयोजना सांभाळणारा कार्ल फ्रॉइंड हा जर्मन मूकपटांच्या काळापासूनचा छायालेखक. एका कॅमेऱ्यासाठी लावलेला दिवा दुसऱ्या कॅमेऱ्याला सावली देतो, ही खरी अडचण. सिनेमात कॅमेऱ्याचा कोन बदलला की दिवे हलवतात, इथे तीन कोन एकदम चालू. त्याने दिवे वर टांगले, सगळीकडे सारखा प्रकाश पाडला, आणि चेहऱ्यावरच्या सावल्या काढायला कॅमेऱ्यालाच छोटे दिवे बसवले. जमीन मोकळी राहिली, वायरी पायात आल्या नाहीत, कॅमेऱ्याच्या गाड्या सुळकन फिरायला लागल्या. टीव्हीवर काळ्या-पांढऱ्यातला फरक आणखी भडक होतो, म्हणून सेट राखाडीच्या वेगवेगळ्या छटांत रंगवला. ल्युसिलचे मेंदीने रंगवलेले लाल केस एवढे गाजले, आणि मालिकेत ते दिसले करडे!

संकलनासाठी तीन चित्रं आणि एक आवाज एकदम चालवणारं मुव्हिओला यंत्र आणलं. संकलकांनी त्याचं नाव ठेवलं तीन डोक्यांचा राक्षस. त्यामुळे हशा पिकला त्याच क्षणीचा तिचा चेहरा बाजूच्या कॅमेऱ्यातून उचलता येई. हशा आणि चेहरा एकाच घटकेचे. मालिका आज जिवंत वाटते त्याचं निम्मं श्रेय मी या जोडणीला देते.

९ ऑगस्ट

'आय लव्ह ल्युसी'तला चॉकलेट कारखान्याचा भाग पुन्हा पाहिला. १५ सप्टेंबर १९५२ ला दाखवलेला. या वेळी आवाज बंद करून.

चॉकलेटांचा सरकता पट्टा येतो तो सावकाश. ल्युसी (ल्युसिलचं मालिकेतलं पात्र) आणि तिची मैत्रीण एथेल चॉकलेट उचलतात, कागदात गुंडाळतात, परत ठेवतात, आणि ते जमतं. पहिली काही चॉकलेटं नीट जमणं फार महत्त्वाचं आहे. पट्टा पहिल्यापासूनच जोरात सोडला असता तर ती नुसती धांदल झाली असती. मग एखाद-दुसरं निसटतं, ते तोंडात जातं. मग टोपीत, मग ब्लाउजमध्ये. पर्यवेक्षक बाई येते, पट्ट्यावर गुंडाळायचं एकही राहिलेलं नाही हे बघून शाबासकी देते आणि आतल्या माणसाला वेग वाढवायला सांगते. शाबासकीतून संकट उभं राहतं. तिच्याकडे बघणाऱ्या दोघींचे गाल फुगलेले आहेत आणि डोळे अगदी आज्ञाधारक. तोंड भरलेलं, म्हणजे बोलायची सोय नाही. उरतात फक्त डोळे.

त्याच भागात चॉकलेटात हात बुडवणारी बाई खरीच त्या धंद्यातली आणली होती. म्हणून शेजारी तिचे हात शांतपणे, न बघता चालतात आणि ल्युसीचे हात बरबटत जातात. ती ल्युसीला थप्पड देते तीही खरी, चांगली सणसणीत.

लेखक तिघे: ओपनहाइमर, मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरल (ज्युनियर). शारीरिक करामतीचा मजकूर मोठ्या अक्षरांत टाइप करायचे, पान काळं दिसायचं, म्हणून त्या भागाला 'ब्लॅक स्टफ' म्हणत. हे बाईला अंगाने जमेल का, हे मॅडलिन आधी स्वतः करून बघायची. एकचाकी सायकल तिने करून पाहिली, भिंतीवर आदळली, ती कल्पना तिथेच संपली. जे पार पडलं ते ल्युसिलकडे यायचं आणि ती त्या वस्तूशी खेळत बसायची. एमजीएमच्या दिवसांत मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटनने तिला हेच शिकवलं होतं, की आपल्या हातातली वस्तू आपण ओळखायची आणि आपणच सांभाळायची.

आता ल्युसी औषधाची जाहिरात करते तो भाग, ५ मे १९५२. औषधाचं नाव वायटामीटावेजामिन. औषधात २३ टक्के मद्य आहे हे प्रेक्षकांना माहीत, तिला नाही. तेच भाषण, तोच चमचा, पुन्हा पुन्हा. पहिल्या चमच्याला 'स्पायडर', चव भयंकर. पुढच्या खेपेला किळस थोडी कमी, मग चक्क आवडायला लागतं. सुरुवातीचं भाषण तिने स्वच्छ, शब्द न चुकता म्हटलंय म्हणून पुढे शब्द कुठे घसरतो ते आपल्याला कळतं. हौशी कलाकार इथेच फसतात, पहिल्या घोटापासून झिंगतात. शेवटी चमच्यात औषध ओतायला तिला चमचा सापडत नाही, तेव्हा तिचा सगळा प्रयत्न आपण शुद्धीत आहोत हे दाखवण्याचा आहे. बाटलीत होतं सफरचंदाचं पेक्टिन.

१० ऑगस्ट

बाळंतपणाचं थोडक्यात. १९५२ मध्ये ती खरोखर गरोदर होती, तर गोष्टीतही गरोदर केली. 'प्रेग्नंट' शब्द वापरायची मुभा नव्हती. पाद्री, धर्मोपदेशक आणि रब्बी अशा तिघांनी संहिता तपासली. १९ जानेवारी १९५३ ला पडद्यावर ल्युसीला मुलगा झाला, त्याच दिवशी सिझेरियनने ल्युसिललाही मुलगाच झाला. तिला विश्रांती मिळावी म्हणून जुने भाग पुन्हा दाखवले, आणि लोकांनी ते आवडीने पाहिले. चॅनेलने सहज सोडलेल्या फिल्मची किंमत इथे कळायला लागली. १९५७ मध्ये डेसी आणि ल्युसिलच्या डेसिलू कंपनीने आरकेओचे स्टुडिओ ६१.५ लाख डॉलरना घेतले. जिथे ती पगारी नटी होती, तेच.

१९६० मध्ये घटस्फोट झाला. १९६२ मध्ये डेसीचा हिस्सा विकत घेऊन ती कंपनीची प्रमुख झाली. 'स्टार ट्रेक' आणि 'मिशन: इम्पॉसिबल' तिच्या कारकिर्दीत उभे राहिले. १९६७ मध्ये तिने कंपनी विकली.

१९८६ चं 'लाइफ विथ ल्युसी', तिची नंतरची मालिका, पाहणं मला जड जातं. आठ भागांनंतर बंद झालं. लोक म्हणतात लेखन जुनाट होतं, आणि ते होतंच. पण मला वेगळं दिसतं. पंचाहत्तर वर्षांची बाई शिडीवर चढली की प्रेक्षकाचा श्वास अडकतो. ती पडेल याची गंमत वाटण्याऐवजी काळजी वाटते, आणि काळजी वाटली की हशा येत नाही. तालीम तेवढीच होती, अंगही घोटलेलं होतं. आपल्या मनातली भीती मात्र तिला तालमीत धरता येण्यासारखी नव्हती. २६ एप्रिल १९८९ ला ती गेली.

झोपायच्या आधी जुना भाग पुन्हा लावला, फक्त आवाजासाठी. प्रेक्षकांच्या डोक्यावर माइक टांगलेले असायचे. तिची आई डीडी जवळजवळ प्रत्येक चित्रीकरणाला हजर. ल्युसी नको त्या वस्तूला हात लावायला निघाली की हशाच्या आधी, एका बाईच्या आवाजात, स्पष्ट ऐकू येतं, "अं-ओऽ!" ती आई आहे.