अर्जात युनियनचं लिहू का? तुम्ही विचारलंत म्हणून

दर दोन-चार महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. नोकरी बदलायची असते, बायोडेटा तयार असतो, एकाच ओळीपाशी गाडी अडलेली असते. "ताई, युनियनचं लिहू का नको?" मी सहा वर्षं कामगार संघटनेची चिटणीस होते, म्हणून मला विचारतात. बहुतेकांना माझ्याकडून "बिनधास्त लिही" एवढंच ऐकायचं असतं. ते माझ्या तोंडून निघत नाही. का, ते एकदा लिहूनच टाकते.

कारखाना बंद पडल्यावर पहिले अर्ज मी सगळं लिहून केले. पद, वर्षं, दोन वेतनकरार. एकाही ठिकाणाहून बोलावणं आलं नाही. ते युनियनमुळेच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. माझं वयही आड आलं असेल. पण नकाराचं कारण कुणी लिहून देत नाही, त्यामुळे भांडायला हातात काहीच उरत नाही. "कायदा आहे ना" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. संघटनेत जाणार नाही या अटीवर कुणाला नोकरी देऊ नये, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ९८ क्रमांकाचा करार १९४९ पासून सांगतो. आपल्या देशाने तो अजून मंजूर केलेला नाही. ब्रिटनने कधीच केला होता, तरी २००९ मध्ये तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाच्या धाडीत कुणाला काम द्यायचं नाही याची, बांधकाम कंपन्यांसाठी कार्डांवर ठेवलेली गुप्त यादी सापडली. ३,२१३ माणसांची. त्यात साइटवरच्या सुरक्षिततेबद्दल तक्रार केलेले लोकही होते. अर्जात त्यांनी काय लिहिलं, काय लपवलं, याने काय फरक पडणार होता? नाव आधीच कार्डावर चढलेलं होतं.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त ती ओळ खोडली.

पुढच्याच अर्जाला बोलावणं आलं. समोर तिघे होते. मधल्या साहेबांनी माझ्या शेवटच्या सहा वर्षांभोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, "इथे नुसतं क्वालिटी इन्स्पेक्टर लिहिलंय. एवढ्या वर्षांत वेगळं काय केलंत?"

काय केलं होतं ते सांगते. आमच्या एका ऑपरेटरची दोन बोटं प्रेसमध्ये गेली आणि वर त्याच्यावरच निष्काळजीपणाचं आरोपपत्र आलं. खात्यांतर्गत चौकशीच्या अकरा तारखांना मी त्याच्या बाजूने बसले. मशीनचा गार्ड महिनाभर काढून ठेवलेला होता, हे मेंटेनन्सच्या लॉगबुकमधून पान काढून दाखवलं. आरोप मागे घेतला गेला. आयुष्यात माझ्या हातून झालेलं सगळ्यात नेटकं काम तेच. कागद वाचणं, साक्षीदाराला धीर देणं, समोरचा चढ्या आवाजात बोलत असताना आपला आवाज खाली ठेवणं, हे सगळं मी त्या खोलीत शिकले.

ते अगदी जिभेवर आलं होतं. मी म्हणाले, "रिजेक्शन कमी केलं, सर."

"तिथे युनियन होती ना? तुम्ही होतात त्यात?"

"वर्गणी कापली जायची, सर. तेवढंच."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. उजवीकडच्या बाईंनी कधीपासून येऊ शकाल, असं विचारलं.

संध्याकाळी आमच्या जुन्या अध्यक्षांना फोन केला. सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा. वाटलं, झापतील. ते म्हणाले, "बरं केलंस पोरी. घर चालायला हवं." त्यांनी झापलं असतं तर रात्री झोप तरी लागली असती.

घरात दुसरा पगार नव्हता. हे मी कितीदा सांगितलंय, आणि ते खरंच आहे. पण घर तर त्या बोटं गेलेल्या ऑपरेटरलाही होतं. चौकशी चालू असताना "चूक कबूल कर, नोकरी वाचेल" असं त्याला वरून सांगत होते आणि मी त्याला सही करू नकोस म्हणत होते. तेव्हाची मी आज समोर आली तर तिला उत्तर काय देऊ? तिने कधी नोकरी शोधली नव्हती, हे म्हणता येईल. पण तेवढ्याने ती गप्प बसणार नाही.

म्हणून आता विचारणाऱ्यांना मी एवढं सांगते. युनियनची, श्रमिकांच्या प्रश्नांवरच्या संस्थेची किंवा कामगार वकिलाकडची नोकरी असेल तर ती ओळ सगळ्यात वर लिहा. बाकी ठिकाणी पद गाळून काम लिहिता येतं: वेतनकराराच्या वाटाघाटी, सुरक्षा समिती, तक्रारींचा पाठपुरावा. कुणी विचारलं नसताना न लिहिणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. विचारल्यावर नाही म्हणणं मात्र खोटंच, आणि खोटी माहिती दिली म्हणून पुढे कधीही बोट दाखवता येतं. पदाधिकाऱ्यांची नावं तर संघटनेच्या कागदोपत्री असतातच. करारावर माझी सही आहे, ती कुणालाही सापडेल.

गेल्या आठवड्यात एका मुलीला हे सगळं फोनवर सांगितलं. माझं ते वाक्यही सांगितलं, पहिल्यांदाच कुणा परक्याला. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण ताई, नोकरी मिळाली ना तुम्हाला?"

मिळाली. अजून तिथेच आहे.