तुम्ही विचारलंत म्हणून: स्नायपर शेवटी उभा का राहतो?

'एनिमी ॲट द गेट्स' (2001) बघितलेली पोरं माझ्या नेमबाजीच्या रेंजवर आली की दोन प्रश्न ठरलेले. "सर, पिक्चरमध्ये दाखवलंय तसं खरंच असतंय का वो? आणि मध्येच ती लव्हस्टोरी कशाला?"

गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली, 1942 च्या स्टालिनग्राडची, म्हणजे त्या शहरासाठी रशियन आणि जर्मन यांच्यात झालेल्या लढाईची. रशियाच्या उरल डोंगरांकडचा स्नायपर (लपून दुरून टिपणारा नेमबाज) वासिली झैत्सेव एकीकडे, त्याला टिपायला आलेला जर्मन मेजर कोनिग दुसरीकडे. शिवाय वासिली आणि राजकीय अधिकारी दानिलोव, दोघांचाही जीव तान्या या सैनिक मुलीवर.

कारंज्याजवळचा प्रसंग आठवा. वासिली प्रेतांमध्ये पडून आहे आणि तोफगोळा फुटला की तेवढ्या आवाजात गोळी झाडतो. हे शंभर टक्के बरोबर. त्या रायफलीची गोळी सुटताना सेकंदाला 860 मीटरच्या आसपास धावते, आवाज मात्र 340. म्हणून समोरच्याला आधी हवा चिरत जाणाऱ्या गोळीचा 'तड्' ऐकू येतो, मागून नळीचा 'धप्'. 300 मीटरवर या दोहोंत जेमतेम अर्धा सेकंद. कसलेला कान त्या अर्ध्या सेकंदावरून अंतर काढतो आणि 'धप्'वरून दिशा. तो 'धप्' बुडवला की माग संपला.

रायफल मोसिन-नागान, 1891/30. त्यावरची पीयू दुर्बीण फक्त साडेतीन पट. म्हणजे 300 मीटरवरचा माणूस 85 मीटरवर असल्यासारखा दिसतो. सोलापूरच्या पार्क स्टेडियमच्या सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक खेळपट्टीवरून दिसतो, त्याहून थोडा लहानच. डोळ्यांतले भाव वगैरे विसरा! दुर्बीण नळीच्या वर बसते, म्हणून बोल्टचा (गोळी नळीत ढकलणाऱ्या खिट्टीचा) दांडा खाली वाकवावा लागतो, नाहीतर तो दुर्बिणीलाच अडेल. पाच गोळ्यांची क्लिपही वरून घालता येत नाही, एकेक गोळी बोटानं भरायची. दुर्बीण उंच असल्यामुळे दस्त्यावर गाल टेकत नाही, हनुवटी टेकते. डोळा काचेपासून तीनेक इंचांवर. नवखा अजून पुढे सरकला की धक्क्यानं भुवई फुटलीच.

आता हिशोब. 100 मीटरला नेम बसवलेला असेल तर 300 ला गोळी जवळजवळ हातभर खाली जाते. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा तिला वीतभर बाजूला नेतो. थंडीत काडतुसातली दारू मंद जळते, गोळी आणखी खाली लागते. तेल घट्ट होऊन बोल्ट अडतो, आणि श्वासाची वाफ काचेवर बसते ती वेगळीच. सोलापुरात दुखणं उलटं. एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर जमिनीवरून झळा उठतात आणि लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखं हलतं. त्या झळा कुठल्या बाजूला वाहतात ते बघायला शिका, वारा फुकटात कळतो. नळीपुढची माती ओली करा किंवा तिथं ओलं पोतं टाका, नाहीतर धुरळा उडून तुमचा पत्ता सांगतो.

खिडकीचं तर सांगायलाच नको. बंद पडलेल्या एखाद्या गिरणीसमोर उभे राहा आणि खिडक्या मोजा. स्टालिनग्राडचे कारखाने म्हणजे हेच, फक्त छप्पर उडालेलं. जाणता माणूस खिडकीत बसतच नाही. तो खोलीत चार-पाच मीटर आत, अंधारात बसतो आणि नळी चौकटीबाहेर काढत नाही.

प्रेमाचं म्हणाल तर वासिली आणि तान्याचा तळघरातला प्रसंग मला चित्रपटातला सगळ्यात अस्सल वाटतो. आजूबाजूला सैनिक दाटीवाटीनं झोपलेत आणि दोघांना श्वाससुद्धा आवरून धरायचाय. कारंज्याजवळही वासिलीनं हेच केलं होतं. माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. तान्या गेली असं समजून दानिलोव आडोशातून मुद्दाम डोकं वर काढतो आणि कोनिगची गोळी खातो. मत्सर, पश्चात्ताप, ठीक आहे, माणूस तसं करेल. पण कोनिग? आपण वासिलीला मारलं अशा समजुतीत तो उघड्यावर चालत येतो. एवढा मुरलेला माणूस प्रेत बघायला जात नाही हो. पडद्यावर दोघांना समोरासमोर आणायचं होतं, म्हणून त्याला उभं केलं. इतिहासात तर त्या मेजरचा जर्मन कागदपत्रांत पुरावाच सापडत नाही. द्वंद्वाची गोष्ट आली ती झैत्सेवच्या बाजूनं.

खरा झैत्सेव एकट्यानं लढायचाही नाही. त्याची पद्धत सहाजणांच्या 'षटकां'ची: तीन जोड्या, प्रत्येकीत एक मारणारा आणि एक बघणारा, आणि सगळ्यांचा डोळा एकाच पट्ट्यावर. गोळी लागली की नाही हे बघणारा सांगतो. मारणारा तोवर मागच्या मागे सरपटत दुसऱ्या जागी निघालेला असतो.