वॉशिंग्टनच्या मृत्युपत्राबाहेर राहिलेली 153 माणसं

जॉर्ज वॉशिंग्टनने मृत्युपत्र करून आपले गुलाम मुक्त केले, असं सरसकट सांगितलं जातं. त्यातला ‘आपले’ हा शब्द नीट तपासायला हवा. 1799 साली त्याने माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावरच्या सगळ्या गुलामांची यादी केली. शेतावार नावं, कुणाचं काम काय, कुणाचा नवरा किंवा बायको कुठल्या शेतावर. रकाने दोन: एक स्वतःच्या मालकीच्या माणसांचा, दुसरा ‘डावर’चा, म्हणजे विधवेला नवऱ्याच्या इस्टेटीतून हयातीपुरत्या मिळणाऱ्या हिश्श्यातल्या माणसांचा. एकूण 317 माणसांपैकी 123 त्याची, 153 डावरची आणि 41 भाड्याने आणलेली. मृत्युपत्र चाललं ते फक्त त्या 123 जणांपुरतं.

याचं मूळ 1757 मध्ये आहे. व्हर्जिनियातला बडा मळेवाला डॅनियल पार्क कस्टिस मृत्युपत्र न करताच वारला. मागे विधवा मार्था, दोन लहान मुलं, 17 हजार एकरांहून जास्त जमीन आणि जवळजवळ 300 गुलाम. व्हर्जिनियाच्या 1705 च्या कायद्याने वारसाहक्कापुरते गुलाम जमिनीसारखे स्थावर ठरवले होते. त्यामुळे जमिनीचा नियम माणसांनाही लागला: विधवेला तिसरा हिस्सा, तोही तहहयात. कामाला लावायचं, उत्पन्न खायचं. पण विकायचं नाही, मुक्त करायचं नाही, मृत्युपत्राने कुणाला द्यायचंही नाही. ती गेली की सगळं कस्टिसच्या वारसांकडे परत. अशी सुमारे 84 माणसं मार्थाच्या वाट्याला आली.

1759 मध्ये वॉशिंग्टनशी लग्न झाल्यावर त्याला मिळाला तो हाच हयातीपुरता हक्क, रतीभरही जास्त नाही. मुलांच्या दोन-तृतीयांश हिश्श्याचा तो पालक होता आणि त्याचा हिशेब कोर्टात द्यावा लागे.

मग 84 चे 153 कसे झाले? 1662 च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचं. बाप कोण, कुणाच्या मालकीचा, स्वतंत्र की गुलाम, याला काही किंमत नाही. डावरमधल्या बाईला मूल झालं की ते जन्मतःच डावरमध्ये, म्हणजे कस्टिसच्या खात्यात. म्हणून अशी यादी वाचताना आधी आई शोधावी; बापावरून गेलात तर हमखास चुकाल.

हर्क्युलिस हा वॉशिंग्टनचा नावाजलेला स्वयंपाकी. तो वॉशिंग्टनच्या मालकीचा, बायको ॲलिस डावरमधली. तो 1797 मध्ये पळाला आणि 1801 मध्ये मृत्युपत्रामुळे कायद्यानेही मुक्त झाला. रिचमंड, एव्ही आणि डेलिया ही त्याची मुलं मात्र कस्टिसच्या खात्यातच राहिली. सुतार आयझॅकचंही तेच: तो सुटला, बायको किटी आणि मुली अडकल्या.

फिलाडेल्फिया राजधानी असताना आणखी एक पेच आला. पेनसिल्व्हेनियाच्या 1780 च्या कायद्याने बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने तिथे राहिला की स्वातंत्र्य मागू शकत असे. वॉशिंग्टन मुदतीआधी आपल्याकडच्या गुलामांना राज्याबाहेर हलवून आणायचा. डावरमधलं माणूस सुटलं तर वारसांना भरपाई द्यावी लागेल, ही धास्ती त्याने सचिवाला लिहिलेल्या पत्रात आहे. मार्थाची दासी ओना जज 1796 मध्ये फिलाडेल्फियातूनच पळून न्यू हॅम्पशायरला गेली. तिची आई बेटी डावरमधली, त्यामुळे ओनाला तिकडे झालेली मुलंसुद्धा कागदोपत्री कस्टिस घराण्याची मालमत्ता.

मृत्युपत्रात वॉशिंग्टनने आपल्या माणसांची सुटका मार्थाच्या मृत्यूनंतर ठेवली. कारण त्यानेच दिलंय: दोन्ही गटांत लग्नं झालेली, आधी सोडलं तर घरं फुटतील. कारण खोटं नाही, पण तोडगाही नाही. फाटाफूट फक्त पुढे ढकलली गेली. शिवाय सव्वाशे माणसांचं स्वातंत्र्य एका म्हातारीच्या मरणावर टांगलं गेलं. याची तिला स्वतःलाच भीती वाटत होती, असं तेव्हा भेटून गेलेल्या ॲबिगेल ॲडम्सने (राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सच्या बायकोने) लिहून ठेवलंय. 1 जानेवारी 1801 ला मार्थाने त्यांना मुक्त केलं.

22 मे 1802 ला ती वारली. मुलगा जॅकी 1781 मध्येच गेला होता, म्हणून डावरची वाटणी चार नातवंडांत झाली. चार वारस, चार घरं. त्यात कुटुंबं तुटली. डावरच्या बाबतीत मार्थाचे हात कायद्याने बांधलेले होते, हे खरं. पण एलिश नावाचा एक गुलाम पूर्णपणे तिच्या मालकीचा होता. त्याला मुक्त करायला कुणाची आडकाठी नव्हती. तिने तो नातवाला दिला.

तो नातू जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस. आपल्या वाट्याची माणसं घेऊन त्याने आर्लिंग्टनचा मळा उभा केला. 1857 मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रात अट होती: पाच वर्षांच्या आत सगळ्यांना मुक्त करा. अंमलबजावणी जावयाकडे, म्हणजे पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती झालेल्या रॉबर्ट ई. लीकडे. इस्टेटीवर कर्ज होतं आणि नातींना रोख रकमा द्यायच्या होत्या, म्हणून लीने मुदत जवळजवळ पुरेपूर वापरली आणि दरम्यान अनेकांना भाड्याने कामाला पाठवलं. मुक्ततेच्या कागदावर त्याची सही झाली 29 डिसेंबर 1862 ला, लिंकनच्या मुक्ती-घोषणेच्या तीन दिवस आधी.