काकांसाठी व्हायोलिनशिवायची कॉन्सर्ट

आमच्या हौशी ऑर्केस्ट्रातले व्हायोलावाले काका गेले (व्हायोला म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य). त्यांच्या आठवणीत एक कॉन्सर्ट करायची हे कुणाला मांडावंच लागलं नाही, त्यानंतरच्या पहिल्याच रिहर्सलला सगळे तेच बोलत होते. चर्चा रंगली ती वाजवायचं काय यावर.

निमरॉडचं नाव अर्थातच पहिलं आलं, श्रद्धांजली म्हटलं की इंग्लिश संगीतकार एल्गारच्या एनिग्मा व्हेरिएशन्समधलं निमरॉड येतंच (एकाच सुरावटीची वेगवेगळी रूपं, म्हणजे व्हेरिएशन्स, त्यातलं हे एक). मला ते प्रचंड आवडतं, पण खरं सांगायचं तर मुळात ते शोकसंगीत नाहीच, १८९९ साली एनिग्मा व्हेरिएशन्स पहिल्यांदा वाजली तेव्हा ज्या मित्रासाठी ते लिहिलं तो ऑगस्ट येगर चांगला हयात होता. आणि गंमत म्हणजे त्याच रचनेतलं सहावं व्हेरिएशन, इझोबेल, एल्गारने आपल्या व्हायोला शिकणाऱ्या शिष्येवर लिहिलंय. एका तारेवरून मधली तार ओलांडून पुढच्या तारेवर बो, म्हणजे गज, न्यायचा, हे नवशिक्यांना जमता जमत नाही, तोच सराव त्याने सुरावटीत घातलाय. बारावं व्हेरिएशन एका हौशी चेलोवादकावर. म्हणजे हौशी वाजवणाऱ्यांची कायमची आठवण त्या रचनेत आधीच आहे, मग एकट्या निमरॉडवर का थांबायचं? आम्ही तिन्ही घेतली.

पण मुख्य गोष्ट होती जर्मन संगीतकार ब्राम्सची दुसरी सेरेनेड, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची, हलक्या बाजाची रचना. १८६० साली पहिल्यांदा वाजली तेव्हा ब्राम्स सव्वीस वर्षांचा होता. या सेरेनेडमध्ये व्हायोलिन नाहीतच! बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून, हॉर्न, शेवटच्या भागात पिकोलो म्हणजे छोटी बासरी, आणि तंतुवाद्यांत फक्त व्हायोला, चेलो, डबल बास. एरवी व्हायोला मधल्या पट्टीत, वर व्हायोलिन खाली चेलो, ऐकणाऱ्याला नेमकं काय वाजतंय ते कळतही नाही, वाजायचं थांबलं की मात्र सगळं पोकळ वाटायला लागतं. इथे तंतुवाद्यांत वरचा आवाज व्हायोलांचा. आमचं व्हायोलांचं सेक्शन पहिल्या व्हायोलिनांच्या जागी जाऊन बसलं, आणि व्हायोलिनवाल्यांपैकी काहीजण कुठून कुठून व्हायोला मागून आणून आल्टो क्लेफ, म्हणजे व्हायोलाची स्वरलिपी, वाचायला शिकले, फक्त काकांसाठी. याचं मला फार अप्रूप वाटलं.

काकांची खुर्ची रिकामी ठेवून त्यावर फुलं ठेवावीत असंही सुचवलं गेलं होतं. मी ठाम नाही म्हटलं. स्वरलिपीच्या एका स्टँडवर दोघं वाजवतात, एक बाहेरच्या म्हणजे प्रेक्षकांकडच्या बाजूला, एक आतल्या; काका वर्षानुवर्षं आतल्या बाजूला बसले, स्वतःहून. आतल्या बाजूच्याने पान उलटायचं असतं, त्या वेळी तो वाजवायचं थांबतो आणि बाहेरचा वाजवत राहतो, त्यामुळे ती जागा सहसा कुणी मागून घेत नाही. काका मात्र नवीन येणाऱ्याला कायम बाहेर बसवायचे, "तू वाजव, पान मी बघतो." मीही अशीच त्यांच्या शेजारी बाहेर बसून तयार झाले. अशा माणसाची जागा अडवून ठेवायची? तिथे सगळ्यात नवीन मुलगी बसली. सुरुवातीच्या रिहर्सलला ती फार बिचकत होती, कॉन्सर्टला सेरेनेडच्या अडाज्योमध्ये, म्हणजे संथ भागात, तिचा बो एकदाही थरथरला नाही.

कार्यक्रमात भाषणं अगदी थोडी ठेवली ते बरं झालं. नोकरी, घर, दुखणारा खांदा सगळं सांभाळून आयुष्यभर दर आठवड्याला येऊन मधला सूर धरून ठेवणं म्हणजे काय, हे ती सेरेनेड भाषणापेक्षा नीट सांगते. शेवटचा भाग, रोंडो, इतका उत्साहाचा आहे की काकांच्या घरचे रडताना हसत होते, आणि पिकोलो घुसतो तिथे तर पहिल्या रांगेतला त्यांचा छोटा नातू उभाच राहिला.

एक गोष्ट आवर्जून सांगते, तुमच्या ऑर्केस्ट्रातही असं कुणी असेल तर त्यांचे जुने पार्ट, म्हणजे त्यांच्या वाद्यापुरती स्वरलिपीची पानं, शोधून बघा. एनिग्माचा सेट आमच्या मालकीचा आहे, त्यात काकांच्या पेन्सिलीच्या खुणा जशाच्या तशा सापडल्या. बो कुठे वर, कुठे खाली न्यायचा त्या अपबो-डाउनबोच्या खुणा आहेतच, शिवाय जिथे कंडक्टरकडे बघायलाच हवं तिथे चष्म्याचं चित्र काढलेलं, आणि एका पानाच्या कोपऱ्यात "लवकर उलट" असं स्वतःलाच बजावलेलं. आम्ही त्याच खुणांवरून वाजवलं, बोची एकही खूण बदलली नाही. भाड्याने आणलेले पार्ट मात्र परत करण्याआधी खोडून साफ करावे लागतात, त्यातल्या खुणा अशाच पुसल्या जातात, तेव्हा खोडरबर हातात घ्यायच्या आधी फोटो काढून ठेवा.