अल्टिरियर मोटिव्ह आणि अप्पांचा स्टार्टर

बँकेच्या परीक्षेसाठी दोन वर्षं मी औरंगपुऱ्यात एका अभ्यासिकेत बसायचे आणि तिथं आमचा सगळ्यांचा एकच धंदा, रोज पंचवीस शब्द. दोनशे पानी वही, मधी रेघ, डावीकडं इंग्लिश, उजवीकडं मराठी. तीन वह्या भरल्या माझ्या. आणि डोक्यात काय राहिलं म्हणाल तर पेपरात ऑप्शन बघितला की हा शब्द डाव्या पानावर वरून चौथा आहे एवढं लख्ख आठवायचं, अर्थ काही केल्या आठवायचा नाही.

मग एका बँकेचा इंटरव्ह्यू आला. वहीत 'अल्टिरियर'पुढं मी लिहून ठेवलेलं, पलीकडचा, पुढचा. तसं चूक पण नाही, मूळ लॅटिन अर्थ तोच आहे. मला विचारलं बँकेतच का यायचंय, मी ऐटीत म्हणलं, माय अल्टिरियर मोटिव्ह इज टू सर्व्ह रूरल कस्टमर्स. पॅनेलमधले तिघं एकमेकांकडं बघायलेत, एका सरांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. बाहेर येऊन मोबाईलवर बघितलं तर अल्टिरियर मोटिव्ह म्हणजे पोटातला डाव, वरून एक दाखवायचं अन् आतून दुसरंच. म्हणजे मी स्वतःच्या तोंडानं सांगून आले की बाबांनो माझ्या मनात काळंबेरं आहे, मला घ्या!

घेतलं नाही.

त्या दिवशी वही बंद केली. जर्मनीतल्या एबिंगहाउस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्मरणशक्तीवर एक पुस्तक काढलेलं, त्यात त्यानं अर्थ नसलेले तुकडे स्वतःच पाठ करून बघितले होते, आणि त्यातले बरेचसे पहिल्या काही तासांतच उडून जायचे. मला वाचून हसूच आलं, कारण माझी वही तरी दुसरी काय होती, अर्थ लिहिलेला असून अर्थ नसलेले तुकडेच की ते.

मग मी शब्द गावाकडं नेले. टॅसिटर्न म्हणजे आमचे अप्पा, विचारल्याशिवाय बोलत नाहीत आणि विचारलं तर नुसतं 'हाव'. गॅरुलस म्हणजे एसटीत खिडकी धरून बसलेली ती मावशी, सेलू ते परभणी तिच्या नंदेचं सगळं प्रकरण ऐकून झालं तरी तिचं आपलं चालूच. खरी गंमत फ्रुगल आणि पार्सिमोनियसची. वहीत दोन्हीपुढं 'काटकसरी' लिहिलेलं. पण आमच्या घरी दूध कमी पडलं की आई स्वतःच्या कपात कोरा चहा घेते, आणि मामीकडं कमी पडलं की कोरा चहा पाहुण्याला. आई फ्रुगल, मामी पार्सिमोनियस. आता हे मेल्याशिवाय विसरत नाही (मामी हे वाचत नाही, बरंय).

आणि एक, मंगूस हा इंग्लिश शब्द आपल्या मराठी मुंगसावरूनच गेलाय तिकडं. लहानपणी बांधावर 'मुंगसा मुंगसा तोंड दाखव' म्हणत पळायचो आम्ही, तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर इंग्लिशची एवढी भीती नसती वाटली.

आईला हे सगळं लई आवडतं. सातवी शिकलेली, पण रोज फोनवर विचारती, आज कोणता गं? एकदा सांगितलं प्रोक्रॅस्टिनेट. लॅटिनमध्ये 'क्रास' म्हणजे उद्या, म्हणून हातातलं काम उद्यावर ढकलायचं म्हणजे प्रोक्रॅस्टिनेट. ती दोन मिनिटं गप. मग म्हणली, म्हणजे आपला रानातल्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर. तो स्टार्टर मृगापासून बिघडलाय, अप्पा रोज उद्या मिस्त्री आणतो म्हणतात आणि रोज तारेनं बांधून, वाळक्या लाकडानं बटन दाबून मोटार चालू करतात.

परवा फोन केला, म्हणलं अप्पा कुठंयत. आई म्हणली, क्रास रानात गेलेत, लाकूड घेऊन.