वार्ड नंबर तीन : महापालिकेच्या आधीचा आमचा मतदारसंघ

नवी मुंबईबद्दल लोक असं बोलतात की जणू इथे आधी नुसतं खाजण होतं, मग सिडको म्हणजे शहर वसवणारं सरकारी महामंडळ आलं, मग नोड म्हणजे तिने आखलेल्या वसाहती झाल्या, मग महापालिका आली आणि तेव्हा कुठे पहिल्यांदा मतदान झालं. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत कुठल्याही गावात जाऊन साठी ओलांडलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल की आमच्याकडे वार्ड होते, मेंबर होते, सरपंच होता, पॅनल पडायचे, मतमोजणीला अख्खं गाव जागायचं. यावर कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितोय, निदान आमच्या एका वार्डाचं तरी. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण आळ्या एवढ्या लहान की नाव टाकलं की माणसं लगेच ओळखू येतील, घणसोली-कोपरखैरणे पट्ट्यातलं खाडीच्या बाजूचं गाव एवढं पुरे.

आमच्या गावात वार्ड तीन होते. एक नंबर देवळाकडचा, दोन नंबर मधल्या आळीचा आणि तीन नंबर म्हणजे खालची आळी, कोळीवाडा आणि बांधाच्या कडेची घरं. तीन नंबरला लोक आजही "खालचा वार्ड" म्हणतात, आता तिथे खाली-वर काही राहिलं नाही, सगळं भराव टाकून एका लेव्हलला आलंय, तरी म्हणतात. हे वार्ड कुठून आले तर 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातून. त्या कायद्याप्रमाणे गावाचे वार्ड पडायचे आणि एका वार्डातून एकापेक्षा जास्त मेंबर निवडून जायचे, ज्या वार्डात जेवढ्या जागा तेवढी मतं प्रत्येकाला, पण एका उमेदवाराला एकच. मेंबर निवडून आले की ते आपल्यातून सरपंच निवडायचे. सरपंच थेट लोकांतून निवडायची पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परत आली, पण तोवर आमच्याकडे पंचायतच उरली नव्हती.

ग्रामपंचायतीच्या वर पंचायत समितीचा मतदारसंघ म्हणजे गण आणि जिल्हा परिषदेचा मतदारसंघ म्हणजे गट. 1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा आपली गावं ठाणे तालुक्यातून ठाणे जिल्हा परिषदेत गेली. आज ठाणे जिल्हा परिषदेत शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ या तालुक्यांतून माणसं निवडून जातात, ज्या ठाणे तालुक्याच्या नावाने जिल्हा आहे त्याच्या शहरी भागाचं तिथे कोणीच नाही. मला ही गोष्ट फार लागते. आमच्या आजोबांच्या पिढीने ज्या झेडपीसाठी प्रचार केला तिचं ऑफिस ठाण्यात आहे, पण ठाण्यात आणि नवी मुंबईत राहणाऱ्या कोणाला तिच्यासाठी मत टाकता येत नाही.

आता तीन नंबरकडे येतो. माझ्याकडे त्या वार्डाची एक जुनी मतदार यादी आहे, सायक्लोस्टाइल केलेली, शाई पसरलेली, आमच्या चुलत्यांनी कपाटात रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेली. ग्रामपंचायतीची यादी म्हणजे विधानसभेची यादीच वार्डाप्रमाणे फोडलेली असते. तेव्हा या सगळ्या पट्ट्याला विधानसभेचा एकच बेलापूर मतदारसंघ होता, ऐरोली वेगळा झाला तो 2009 च्या निवडणुकीला. यादीत आधी घर नंबर, मग नाव, मग बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, मग वय. घर नंबर सलग नाहीत, मध्येच एखादा नंबर तोडून पुढे अ, ब, क असं लावलेलं आहे कारण भाऊ वेगळे झाले, भिंत पडली, चूल वेगळी झाली की नंबर फुटायचा. नुसती ती पानं उलटली तरी कुठल्या घरात किती वाटण्या झाल्या ते कळतं. आणि काही घरांच्या नंबरापुढे "बांधावर" असं पेनाने लिहिलंय, ते माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्याच्यावर पुढे लिहितो.

मेंबरचं काम काय होतं? विहिरीचा गाळ काढणं, गटार, शाळेची कौलं, रहिवासी दाखल्यासाठी ग्रामसेवकाला शोधून आणणं आणि मुख्य म्हणजे दिवाबत्ती. घरपट्टीबरोबर दिवाबत्ती कर घ्यायचे आणि खांबावरचा बल्ब गेला की तीन नंबरमध्ये पहिली हाक मेंबरला. आमची आजी सांगायची, "आमचा मेंबर घरचाच व्हता, दारान उभा ऱ्हवून हाक मारली का यायचा." अर्ज वगैरे नाही. पण सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. जवळचा म्हणजे भावकीचा, आणि भावकीत नसलेल्या घराचा बल्ब महिनाभर गेलेला राहायचा, हेही आजीच सांगायची. पंचायतीकडे पैसा थोडा आणि नळाचं पाणी तर बऱ्याच गावांत फार उशिरा आलं. तरीही माणूस माहितीचा होता आणि त्याला तोंडावर बोलता यायचं, एवढं त्या व्यवस्थेचं मोठेपण मी मानतो.

निवडणूक पक्षाच्या चिन्हावर नसायची, ग्रामपंचायतीची ती आजही नसते. छत्री, कपबशी, शिट्टी असली चिन्हं. पॅनल पडायचे ते पक्षाचे कमी आणि गावकीतल्या दोन तोंडांचे जास्त, एखाद्या वेळी गावकी बसवून बिनविरोध करायची, मग जो नाराज तो पुढची पाच वर्षं देवळात एका बाजूला बसायचा.

17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण मिळून 95 गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. त्याच्या आधीच ठाणे-बेलापूर रोडला एमआयडीसीचे कारखाने उभे राहिले होते. पंचायत तशीच राहिली, वार्ड तसेच राहिले, पण पंचायतीच्या हातातलं जग गावठाणाच्या रेषेपर्यंत आक्रसलं, रेषेच्या बाहेर काय बांधायचं, रस्ता कुठून न्यायचा हे सिडको ठरवणार. तीन नंबरचं सगळ्यात जास्त नुकसान झालं कारण त्याची निम्मी घरं, शेतं आणि मिठागरांकडे जाणारे बांध रेषेबाहेर होते. त्या काळात मेंबर लोकांनी गल्लीत दिवे लावण्यापेक्षा मोर्चाच्या गाड्या भरण्याचं काम जास्त केलं असं चुलते सांगतात. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये उरणच्या बाजूला जे आंदोलन झालं, गोळीबार झाला आणि 5 जण हुतात्मा झाले, त्यानंतर पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत द्यायची. इथल्या प्रत्येक गावातून माणसं गेली होती आणि ती जमवली होती वार्डावार्डाने, कारण जमवायची दुसरी सोय गावात नव्हतीच.

मग शेवट. नवी मुंबई महापालिका 17 डिसेंबर 1991 ला स्थापन झाली आणि 1 जानेवारी 1992 पासून कारभार सुरू झाला, त्यात आलेल्या गावांच्या ग्रामपंचायती संपल्या. आणि बघा, 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली 24 एप्रिल 1993 ला, म्हणजे ग्रामपंचायतीला आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, ठराविक मुदतीत निवडणूक बंधनकारक झाली, त्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आला, तो आपल्याकडे एप्रिल 1994 मध्ये, हे सगळं आमची पंचायत गेल्यानंतर एक-दोन वर्षांत. आमच्या वार्डाने बिनताकदीची पंचायत तीसेक वर्षं पाहिली आणि ताकद आली तेव्हा वार्ड शिल्लक नव्हता. महापालिकेची पहिली निवडणूक 1995 ला झाली, तोपर्यंत प्रशासक, म्हणजे तीन वर्षं गावात हाक मारायला निवडून आलेला माणूसच नाही.

असं फक्त आमच्याकडे झालं असं नाही. ठाणे महापालिका 1 ऑक्टोबर 1982 ला झाली तेव्हा घोडबंदर, कळवा, मुंब्र्याकडची मिळून 32 गावं गेली. कल्याणला 1983 मध्ये महापालिका झाली, तिथल्या 27 गावांनी मात्र भांडून 2002 मध्ये बाहेर पडून ग्रामपंचायती परत मिळवल्या आणि 2015 मध्ये ती परत आत घेतली. आपल्याच नवी मुंबईतून शिळफाट्याच्या पलीकडची 14 गावं 2007 मध्ये बाहेर पडली, तिथे पुन्हा सरपंच आले, वार्ड पडले, आणि 2024 मध्ये ती परत महापालिकेत आणायचा निर्णय झाला. कोणी याला गोंधळ म्हणेल, मला तसं वाटत नाही. त्या गावांना पंचायत आणि पालिका दोन्ही माहिती आहेत, ते तुलना करून बोलतात, टॅक्स किती आणि पाणी किती हे दोन्हीकडचं सांगतात. आम्हाला ती तुलना करायची संधीच मिळाली नाही.

महापालिकेत तीन नंबरचं काय झालं? निम्मा इकडच्या प्रभागात, निम्मा सेक्टरला जोडलेला. महापालिकेचे प्रभाग उत्तरेला दिघ्यापासून मोजायला सुरू होतात आणि दक्षिणेला बेलापूरला संपतात, त्यात लोकसंख्या बघतात, रस्ता, नाला, रेल्वेलाइन बघतात, आळी कोण बघणार. 2010 ला 89 प्रभाग होते, 2015 ला 111, त्यानंतर 2020 ची निवडणूक कोरोनात पुढे गेली आणि जानेवारी 2026 पर्यंत परत प्रशासक. या वेळी 111 नगरसेवक पण प्रभाग 28, एक तीनचा प्रभाग सोडला तर एका प्रभागात चार-चार मतं टाकायची. लोक म्हणाले ही काय नवीन भानगड. जुन्या माणसांना ती नवीन नव्हती, खालच्या वार्डातही एका वेळी तीन मतं टाकायचे. पण तिथे तिन्ही उमेदवारांच्या घरातलं जेवण काय ते माहिती असायचं, आणि इथे गाव, झोपडपट्टी, टॉवर आणि सोसायट्या एका प्रभागात. चारपैकी दोघांची नावं मी मशीनसमोर पहिल्यांदा नीट वाचली.

आता त्या "बांधावर" लिहिलेल्या घरांचं. गावठाणाबाहेरच्या घरांना आज "गरजेपोटी बांधलेली घरं" म्हणतात आणि ती नियमित करायचा प्रश्न सगळ्या प्रकल्पग्रस्त गावांत लोंबकळतोय. दरवेळी प्रश्न येतो की घर कधीपासून आहे. सरकारी नकाशात ते गावठाणाबाहेर असेल, पण ग्रामपंचायतीच्या वार्ड यादीत त्या घराला नंबर आहे, नमुना 8 ला म्हणजे पंचायतीच्या घरपट्टीच्या रजिस्टरला आकारणी आहे, दिवाबत्तीची पावती आहे, म्हणजे पंचायतीने ते घर मानलं होतं, त्याच्याकडून कर घेतला होता, त्याचं मत मोजलं होतं. हा कागद एकटा कुठे टिकेल की नाही ते वकील सांगतील, पण असा कागद असतो आणि तो संपलेल्या वार्डाचा असला तरी कामाचा आहे, हे आपल्या पोरांना माहितीच नाही, घर पाडून बिल्डिंग बांधताना पहिले तेच भंगारात जातं.

म्हणून बघा घरात. 1992 च्या आधीची घरपट्टीची पावती, नमुना 8 चा उतारा, वार्ड यादी, मतदानाची चिठ्ठी, ग्रामपंचायतीचा गोल शिक्का असलेला कुठलाही दाखला. लॅमिनेट करू नका, शाई उडते. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागच्या कोऱ्या बाजूला बऱ्याच वेळा कोणीतरी पेनाने शेजारच्या घरांची नावं लिहून ठेवलेली असतात, आमच्या यादीच्या शेवटच्या पानामागे अख्ख्या कोळीवाड्याचा कच्चा नकाशा निघाला.